मनावरचा घावही घावच आहे

गावात अत्याचार झाला म्हणजे फुटलेली डोकी मोजली जातात, जळलेल्या घरांचा पंचनामा होतो. पुढे जखमा भरतात, आरोपी जामिनावर सुटून गावात फिरू लागतात, आणि प्रकरण निवळले असे सर्वांस वाटते. परंतु ज्याने मार खाल्ला तो मोटारसायकलीच्या आवाजाने मध्यरात्री दचकून उठतो. घटनेच्या जागेवरून जावयास नको म्हणून तो कोसभर वळसा घेतो, लेकरांवर विनाकारण खेकसतो आणि एरवी मुका होऊन बसतो. घरचे म्हणतात, भित्रा झाला. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. वकिलीच्या व्यवसायात आम्ही अशी माणसे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाहिली आहेत. ती भित्री नव्हेत, झपाटलेलीही नव्हेत. ती आजारी असू शकतात, आणि त्या आजारावर उपचार आहे.

वैद्यकशास्त्र या आजारास आघातोत्तर ताणविकार म्हणते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची दुःस्थिती पुढे आल्यावर १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी त्यास हे नाव दिले. घडलेला प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण देणारे सर्व टाळणे, स्वतःस दोष देणे व आपल्या माणसांपासून तुटणे, झोप उडून सदैव सावध राहणे, ही त्याची लक्षणे. ती महिन्याहून अधिक टिकली, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आघात झालेल्या प्रत्येकास हा विकार जडत नाही. पण ज्यास जडतो तो दुबळा नव्हे. धोका टळल्यावरही त्याच्या शरीरातील धोक्याची घंटा थांबलेली नसते, इतकेच.

उपचारात मुख्य भाग बोलण्याचा आहे. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ रुग्णास त्याच्या गतीने, सुरक्षित जागी, त्या आठवणीस सामोरे जावयास शिकवितो. हे काम काही आठवडे वा महिने चालते. काहींना औषधेही लागतात. दारूने मात्र हा रोग बळावतो आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८ ने सरकारी उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसास ते विनामूल्य मिळाले पाहिजेत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर दूरध्वनीवरूनही मोफत सल्ला मिळतो.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अशा माणसास भगताच्या दारी नेणे हा धम्माशी द्रोह होय. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

परंतु दोष केवळ अडाणीपणाचा नाही, चळवळीचाही आहे. गुजरातेत ऊना येथे ११ जुलै २०१६ रोजी मृत गाय सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. त्या कुटुंबाने २०१८ साली बौद्ध धम्म स्वीकारला. अशा चित्रफितीने अन्याय जगापुढे येतो, हे खरे. पण ज्याच्या पाठीवर ते वळ आहेत त्यास ती वारंवार दाखविणे, प्रत्येक सभेत उभे करून 'सांग काय झाले' म्हणणे, हा उपचार नव्हे. त्याची इच्छा असेल तेव्हाच त्याने बोलावे. नसेल तर त्याचे मौन आपण राखावे.

पटाचारेची कथा धम्मसाहित्यात आहे. पती, दोन्ही लेकरे, आईबाप व भाऊ गमावून ती भ्रमिष्ट झाली, अंगावरचे वस्त्रही तिला उरले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. भगवान बुद्धांनी तिला येऊ दिले. कोणी तिच्या अंगावर वस्त्र टाकले, मग भगवंतांनी तिचे ऐकले. हीच स्त्री पुढे विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य ठरली.

आता कायद्याविषयी. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने 'पीडित' या शब्दाच्या व्याख्येत शारीरिक हानीबरोबर मानसिक व भावनिक हानीही घातली, आणि नातेवाइकांनाही पीडित मानले. म्हणून मनाच्या उपचाराचे कागद जखमेच्या दाखल्याइतकेच जपून ठेवावेत व वकिलास दाखवावेत. आघाताने आठवण तुटक होते. साक्षीत वेळ वा क्रम चुकला म्हणजे साक्षीदार खोटा ठरत नाही. किरकोळ विसंगतीवरून साक्ष फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. परंतु न्यायाधीशांपुढे हे मांडावयास पुरावा हवा, आणि तो पहिल्या महिन्यांतच तयार होतो.

खटला वर्षानुवर्षे चालेल. तोवर आपला माणूस आतून मोडून पडला, तर निकाल कोणासाठी ऐकावयाचा? आपल्या वस्तीत असा कोणी असेल, तर आजच त्याच्या दारी जा. त्यास प्रश्न विचारू नका. शेजारी बसा, आणि तो म्हणेल त्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यात चला.

जयभीम.