नव्या डेटाबेसची घाई कुणाला?

डेटाबेसची नवी आवृत्ती निघाली की कचेरीत कुणीतरी विचारतंच, ‘आपण अजून जुन्यावरच का?’ ‘सॉफ्टवेअर कंपनीने सपोर्ट जाहीर केला की जाऊ,’ असं सांगितलं की नाकं मुरडली जातात. कंपनी आळशी, तुम्ही भित्रे, जग कुठल्या कुठे गेलं, असा एकंदर सूर. या सुराशी माझं भांडण आहे.

मायएसक्यूएलचंच घ्या. ५.७ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१५मध्ये आली आणि तिच्यानंतरची ८.० एप्रिल २०१८मध्ये. (मधले सहा-सात कुठे गेले, विचारू नका.) घाईवाले म्हणतात, डेटाबेस तोच, एसक्यूएल तीच, मग न चालायला काय झालं? पहिल्या लॉगिनलाच झालं. ८.०ने पासवर्ड तपासण्याची नेहमीची पद्धत बाजूला सारून जास्त सुरक्षित पद्धत डिफॉल्ट केली. पीएचपीला ती नीट कळू लागली ७.४पासून, आणि ७.४ आली नोव्हेंबर २०१९मध्ये. तोवर पीएचपीतलं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरकडे गेलं की उत्तर मिळे: सर्व्हरने मागितलेली ओळखपद्धत क्लायंटला ठाऊक नाही. त्यावर घाईवाल्यांनी काय केलं? सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून जुनी पद्धत परत आणली. म्हणजे सुरक्षेच्या नावाने आवृत्ती नवी घेतली आणि कुलूप जुनंच ठेवलं. ही पळवाटही टिकली नाही. २०२४मध्ये ८.४ने जुनी पद्धत मुळातच बंद ठेवली आणि त्याच वर्षी ९.०ने ती काढूनच टाकली.

लॉगिन जमलं तरी पुढे ‘रँक’ आडवा येतो. क्रमांक काढण्याची छान सोय ८.०मध्ये आली आणि तिच्यापायी हा शब्द राखीव झाला. शाळेच्या निकालाच्या टेबलमध्ये याच नावाचा कॉलम असेल, तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली क्वेरी सिंटॅक्स एरर देऊन थांबते. इलाज साधा आहे, नावाभोवती बॅकटिक घालायचे. पण घालणार कोण? सोर्स कोड कंपनीकडे आहे.

एरर दिसते ते तरी बरं. ५.७पर्यंत ‘ग्रुप बाय’ केलं की ओळी आपोआप क्रमाने लागायच्या. ८.०ने तो रिवाज बंद केला. क्रम हवा असेल तर ‘ऑर्डर बाय’ लिहा. नियम रास्तच आहे. पण जुन्या रिवाजावर विसंबून लिहिलेल्या रिपोर्टात आता ओळी कशाही येऊ शकतात, आणि तक्रार कुठेच उमटत नाही. बेरजा बरोबर, पण मागच्या महिन्याच्या कागदाशी टिकमार्क करत बसलेल्या अकाउंटंटचं डोकं फिरणार. असली गोष्ट शोधायची तर एकेक रिपोर्ट दोन्ही आवृत्त्यांवर काढून ताडावा लागतो. कंपनीच्या ‘सपोर्ट’ची आपण वाट पाहतो ती याचसाठी, आणि एवढं न करता सपोर्ट जाहीर करणाऱ्या कंपनीपेक्षा उशीर करणारी परवडली.

नव्या सोयींचंही कौतुक ऐकू येतं. ८.०मध्ये डिफॉल्ट अक्षरसंच चार बाइटांचा झाला, हे खरं. देवनागरी तीन बाइटांत मावते. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीला मात्र चार लागतात. पण चार बाइटांचा हा संच ५.५पासून मिळतोच आहे, टेबल करताना मागावा लागतो इतकंच. तेवढ्यासाठी अख्खा सर्व्हर हलवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सुरक्षेचा मुद्दा वजनदार आहे. जानेवारी २००३मध्ये ‘स्लॅमर’ या किड्याने काही मिनिटांत जगभरचे एसक्यूएल सर्व्हर गाठले, तेव्हा त्यावरचा पॅच निघून सहा महिने झाले होते. पण तो होता पॅच. चालू आवृत्तीचे पॅच बॅकअप घेऊन वेळच्या वेळी लावावेत, त्यात दिरंगाईला माफी नाही. सबंध आवृत्ती बदलणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि घाईवाले नेमकी इथेच गल्लत करतात. ‘नाही जमलं तर परत येऊ’ हेही त्यांनी विसरावं. ८.०वर नेलेला डेटा होता तसा ५.७वर परत नेता येत नाही. आधीचा बॅकअप रिस्टोअर करायचा आणि मधल्या दिवसांच्या नोंदी हातांनी भरत बसायचं.

५.७ला ऑक्टोबर २०२३पर्यंत अधिकृत आधार होता. ८.० आल्यापासून साडेपाच वर्षं! इतका अवधी दिलेला असताना पहिल्या वर्षी उडी मारण्यात कसलं शौर्य? मात्र साडेपाच वर्षांनीही जो जागचा हलला नाही, त्याचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. ते निव्वळ भिजत घोंगडं.

थांबायचं ते हात-पाय हलवत. डेटाची प्रत टेस्ट सर्व्हरवर नव्या आवृत्तीत उभी करावी. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्व तपासणीची सोय आहे; ती चालवली की राखीव शब्दांशी टकरा घेणारी नावं समोर येतात. ती यादी कंपनीला धाडावी, आणि उत्तराची तारीख मागावी. एएमसीचं नूतनीकरण होईल तेव्हा करारात एक कलम घालून घ्यावं: चालू डेटाबेसचा आधार संपण्याच्या वर्षभर आधी पुढच्या आवृत्तीवर तपासलेलं सॉफ्टवेअर हाती पडलं पाहिजे, नाहीतर शेवटचा हप्ता रोखला जाईल. या कलमावर सही करायला जी कंपनी कां-कूं करेल, तिच्या जागी दुसरी शोधायला मात्र थांबू नये.