बिल्ड सांभाळणाऱ्याचा पगार कोण देणार?

सायबर सुरक्षा म्हटलं की लोकांना हॅकर पकडणारेच आठवतात. मी एका ओपन सोर्स सुरक्षा सॉफ्टवेअरचे बिल्ड सांभाळतो, नोकरी करून उरलेल्या वेळात. कोणी कोडची एक ओळ बदलली, की विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे ते आपोआप बांधलं जातं, टेस्ट होतं. हिरवी खूण आली तर कुणाला पत्ताही नसतो. लाल आली की सगळे विचारतात. आणि लाल व्हायला कोडच बिघडावा लागतो असं नाही. एप्रिल 2025 मध्ये गिटहबने उबुंटू 20.04 ची मशिन्स बंद केली, त्यांवर विसंबलेले बिल्ड जागेवर थांबले.

हे किरकोळ काम वाटणाऱ्यांनी 2024 चं 'एक्सझेड' प्रकरण बघावं. दोनेक वर्षं विश्वास कमावून एकाने त्यात चोरदरवाजा बसवला. तो चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त वाटलेल्या पॅकेजमध्ये होती! पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना. मूळ प्रकल्प मात्र वर्षानुवर्षं जवळपास एकट्या माणसाने बिनपगारी चालवलेला.

आपल्या बँकांचे, सरकारी पोर्टलांचे कितीतरी सर्व्हर लिनक्सवरच आहेत ना? मग टेंडरमध्ये ऑडिटसोबत या देखभालीचीही रक्कम धरा की. पैसे नसतील तर तुमच्या एका इंजिनिअरचे आठवड्याला चार तास द्या. आमच्याकडे मॅकचे बिल्ड बघायला सध्या कोणीच नाही.