चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे

मोबाइलवर ई-चलानचा संदेश आला की आपल्याकडे दोन सल्ले तयारच असतात. पहिला: "भरून टाक. पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?" दुसरा: "मुळीच भरू नकोस. लोकअदालत लागली की निम्म्यात मिटतं, नाहीतर काही दिवसांनी आपोआप बाद होतं." पहिला सल्ला सरळ माणसाचा वाटतो, दुसरा व्यवहारी माणसाचा. पण कोणतं कलम लावलंय, फोटोत काय दिसतंय, प्रकरण अजून पोलिसांकडे आहे की न्यायालयात गेलंय, हे दोघांपैकी कुणीच पाहत नाही. मला दोन्ही सल्ले अमान्य आहेत. चलान आधी वाचावं, त्याची नोंद शोधावी आणि मगच ते कबूल करायचं की नाकारायचं ते ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या सल्ल्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे: चलान आलं म्हणजे दंड झालाच. मोटार वाहन कायदा, १९८८ तसं म्हणत नाही. दोषी ठरवून दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. वाहतूक पोलिसांच्या यंत्रातून निघतो तो तुम्ही अमुक कलमाचा भंग केल्याचा आरोप. कायद्याच्या कलम २०० नुसार काही गुन्ह्यांसाठी राज्य सरकार तडजोडीची रक्कम राजपत्रात जाहीर करतं. ती भरली की त्या गुन्ह्यासाठी पुढे खटला चालत नाही. आपण जिला सरसकट दंड म्हणतो, ती बहुतेक वेळा ही तडजोडीची रक्कम असते.

आकड्यांचा गोंधळही इथूनच सुरू होतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर कायद्यात १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांची परवाना-अपात्रता आहे. डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेपासून महाराष्ट्रात त्याच गुन्ह्याची तडजोडीची रक्कम ५०० रुपये झाली. व्हॉट्सॲपवर फिरणारे दंडाचे तक्ते केंद्राच्या कायद्यातले आहेत, राज्याच्या अधिसूचनेतले आहेत की तिसऱ्याच राज्यातले आहेत, हे त्यावर लिहिलेलं नसतं. मग चौकात पोलीस आणि दुचाकीस्वार हुज्जत घालतात, आणि दोघांच्याही हाती अर्धीच माहिती असते.

"भरून टाक" या सल्ल्याची खरी किंमत मात्र पाचशे रुपयांहून मोठी आहे. कलम २०० मध्ये २०१९ साली एक परंतुक आलं. तडजोड करून रक्कम भरली तरी तो गुन्हा पूर्वी केलेला गुन्हा म्हणून मोजला जातो आणि पुढच्या वेळी तुम्ही 'दुसऱ्यांदा' दोषी ठरू शकता. कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० आहे, नंतर १५००. शिवाय रक्कम भरल्याने परवाना निलंबनाची कारवाई टळत नाही. म्हणजे न केलेल्या चुकीचं चलान केवळ कटकट नको म्हणून भरणारा माणूस स्वतःविरुद्धची नोंद स्वतःच्याच हाताने पक्की करत असतो. ज्याने खरोखर सिग्नल तोडलाय त्याने विनातक्रार भरावं, यात वादच नाही. पण नंबरप्लेटचा एक अंक चुकीचा वाचला गेलाय, किंवा कुणीतरी बनावट प्लेट लावून आपल्या क्रमांकाने फिरतोय, अशा माणसानेही भरून मोकळं व्हावं असं सांगणं म्हणजे त्याला खोटा कबुलीजबाब द्यायला लावणं आहे.

कलम वाचण्याचं महत्त्व लाल सिग्नलच्या उदाहरणावरून कळेल. ही कृती वाहतूक चिन्हांचं पालन न केल्याबद्दल कलम ११९ सह १७७ खाली लावता येते; तेव्हा मामला शेकड्यांत मिटतो. २०१९ पासून तीच कृती कलम १८४ च्या धोकादायक वाहन चालवण्यातही मोडते. तिथे पहिल्या गुन्ह्यालाच १००० ते ५००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्या कलमात वाहन चालवताना मोबाइल वापरण्यापुरतीच तडजोडीला जागा ठेवली आहे. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या कलम १८५ ला तर तडजोडच नाही. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि हजर व्हायचं ते न्यायालयातच. "पावती फाडली" या दोन शब्दांत इतक्या वेगवेगळ्या गोष्टी आपण कोंबून टाकतो.

आता दुसरा सल्ला. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते आणि प्रलंबित चलानं तिथे ठेवली जातात, हे खरं आहे. पण 'निम्म्यात मिटतं' हा कुठल्याही कायद्याने दिलेला हक्क नाही. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तिथे साक्षीपुरावा होत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ नुसार तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याला आपण निर्दोष आहोत असं सांगायचंय त्याने तिथे जाऊन उपयोग नाही. आणि ज्याने चूक केलीय त्याने सवलतीच्या आशेने महिनोन्‌महिने थांबणं मला सरळ बेजबाबदारपणाचं वाटतं.

"आपोआप बाद होतं" यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त घातक. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांत घ्यावी लागते. एक वर्षापर्यंत कैद असेल तर मुदत एक वर्षाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये ती कायम आहे. परंतु उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. शिवाय मुदत उलटली म्हणून वाहनाच्या नोंदीवरचं चलान पुसलं जात नाही. गाडी विकायला काढली की ते आडवं येतं. मुदतीचा मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागतो. घरी बसून तो सिद्ध होत नाही.

मग पाहायचं कुठे? प्रकरण पोलिसांकडेच असेल तर राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर. वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की दिनांक, ठिकाण, कलम आणि फोटो दिसतो; चलान चुकीचं वाटलं तर तक्रार नोंदवण्याची सोयही तिथेच आहे. फोटो मोठा करून पाहावा. गाडी आपलीच आहे का, गुन्हा त्यात दिसतो का, हे तपासावं. कॅमेऱ्याने आपोआप निघालेल्या चलानाबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-ए हा नियम ऑगस्ट २०२१ पासून फार स्पष्ट आहे: गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारं स्वच्छ छायाचित्र हवं, यंत्राने केलेलं मोजमाप हवं, वेळ, स्थळ आणि कलम हवं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी. यातलं काय नाही हे वाचल्याशिवाय कळणार कसं? त्या वेळी गाडी दुसराच कुणी चालवत असेल, तर मागणी झाल्यावर चालकाची माहिती देणं ही कलम १३३ नुसार मालकाची जबाबदारी आहे. गाडी विकूनही आरसीवर आपलंच नाव राहिलं असेल तर चलानंही आपल्याच नावावर येत राहणार. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत कळवायचं असतं.

प्रकरण न्यायालयात गेलं असेल तर जागा बदलते. ऑक्टोबर २०२० मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपुरात राज्याच्या वाहतूक प्रकरणांसाठी व्हर्च्युअल न्यायालयाचं उद्घाटन केलं. अशा न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाहन, चलान किंवा मोबाइल क्रमांकाने प्रकरण सापडतं. दोनच पर्याय असतात: सांगितलेला दंड भरून प्रकरण संपवणं, किंवा आरोप अमान्य करणं. अमान्य केलं की ते हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. तिथली नोंद ई-कोर्ट्सवर १६ अक्षरांकांच्या सीएनआर क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने शोधता येते. हा रस्ता ठाऊक नसलेलीच माणसं व्हॉट्सॲपवर आलेली 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल उघडतात आणि खातं रिकामं करून बसतात.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. ते म्हणतात, रस्त्यावर माणसं मरत असताना तुम्ही बेशिस्त चालकांना पळवाटा शिकवताय. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरात हेल्मेट न घालणारे ५०,०२९ जण दगावले. हे आकडे वाचून ज्याला धाक हवासा वाटत नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही. पण धाक येतो कुठून? चलानांच्या संख्येतून येत नाही. फोटो अस्पष्ट, कलम चुकीचं, प्रकरण मुदतीत न्यायालयात दाखल नाही, अशा स्थितीत भरधाव जाणारा ट्रकमालक वकील लावून सुटतो आणि रोजंदारीवर जाणारा दुचाकीस्वार भीतीपोटी भरतो. पळवाट कच्च्या नोंदीतून निघते. नोंद वाचणाऱ्या नागरिकावर तिचा दोष ढकलता येणार नाही. कायद्याचा धाक ज्यांना हवा, त्यांनीच पक्क्या नोंदीचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे.

कामावर खाडा करून न्यायालयात जाणं प्रत्येकाला परवडत नाही, हेही खरं. म्हणूनच काही गोष्टी मागायला हव्यात. चलानाच्या संदेशातच मराठीत लिहिलेलं असावं: कलम कोणतं, राज्याची तडजोडीची रक्कम किती, पहिला गुन्हा धरलाय की दुसरा, अमान्य करायचं तर कुठे आणि कधीपर्यंत. तक्रार फेटाळली तर कारण कळवावं. प्रकरण न्यायालयात दाखल झालं त्याच दिवशी सीएनआर क्रमांक वाहनमालकाच्या मोबाइलवर यावा. आणि जी प्रकरणं मुदतीत दाखल झालीच नाहीत, ती वर्षानुवर्षं थकबाकीच्या आकड्यात मिरवण्याऐवजी वाहतूक शाखांनी जिल्हावार जाहीर करावीत, आणि दाखल का झाली नाहीत तेही सांगावं.