रागाचा मूळ रंग

काही वर्षांपूर्वी पदवीच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्यासमोर एक वाक्य आले : 'वैराग्य म्हणजे कधीही न रागावणे.' आम्ही मनमुराद हसलो, शून्य गुण दिले आणि पुढच्या उत्तराकडे वळलो. ते हसणे नंतर आम्हांलाच बोचू लागले. त्या विद्यार्थ्याने पाठांतर केले नव्हते, विचार केला होता. 'वि' हा उपसर्ग अभाव दाखवतो, हे आम्हीच त्याला शिकवले होते. उरला 'राग', आणि राग म्हणजे काय, हे रत्नागिरीतल्या कोणत्याही मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याच्या तर्काच्या पायऱ्या बरोबर होत्या. फक्त ज्या काळात 'वैराग्य' हा शब्द घडला, त्या काळातला 'राग' त्याला कोणी दाखवला नव्हता.

संस्कृतात 'रञ्ज्' म्हणजे रंगणे. त्या धातूपासून 'रंग' आला, तसाच 'राग'ही आला. राग म्हणजे आधी रंग, त्यातही तांबडा. मग मनाला चढलेला रंग, म्हणजे ओढ, आसक्ती, प्रीती. हा जुना अर्थ मराठीतून गेला असे म्हणावे, तर तो जागोजागी दबा धरून बसलेला दिसतो. पद्मराग म्हणजे माणिक, कमळासारख्या लाल रंगाचे रत्न. अंगराग म्हणजे अंगाला लावायची उटी. अनुराग म्हणजे प्रेम. गाण्यातला राग मनाला रंगवतो म्हणून राग, असे संगीतशास्त्र सांगत आले आहे. 'एकंदर रागरंग पाहून काढता पाय घेतला' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरचा चिडलेलाच असतो असे नाही. गीतेत स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना राग, भय आणि क्रोध वेगवेगळे मोजले आहेत. तिथे आजचा मराठी अर्थ धरला, तर एकच विकार दोनदा मोजल्यासारखे होईल. योगसूत्रांतल्या पाच क्लेशांतही राग आणि द्वेष शेजारी शेजारी, पण निराळे आहेत. (आमच्या विद्यार्थ्याची व्याख्या मान्य केली, तर दुर्वासांचे काय करायचे, हा प्रश्नही उरतोच.)

मग प्रेमाचा संताप कसा झाला? चेहरा प्रेमाने आरक्त होतो, तसा संतापानेही लालबुंद होतो. रंगाच्या या सामाईक उंबरठ्यावर अर्थाने कूस बदलली असावी, असे आम्हांला वाटते. कोंकणीत आणि बंगालीतही राग म्हणजे संतापच. हिंदीने मात्र तसे केले नाही. म्हणून 'मुझे राग आया' म्हणणाऱ्या मराठी माणसाकडे हिंदीभाषक गोंधळून पाहतो.

इथे एक सावधगिरी हवी. 'र' आणि 'ग' शेजारी दिसले की नाते जुळले, असे होत नाही. 'चिराग' फारसीतून आला; त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही. फुलातला 'पराग' संस्कृतच, पण त्यालाही या रागाच्या पंगतीला बसवता येत नाही. अक्षरे जुळवून व्युत्पत्ती सांगणारे विद्वान दर गणेशोत्सवात एखाद्या व्यासपीठावर भेटतात. त्यांच्यासाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ सालापासून उपलब्ध आहे.

दुसरा पंथ शुद्धतावाद्यांचा. सावरकरांनी १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात याच गावातून भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, त्यामुळे शब्दाचे कुळ विचारण्याची सवय इथे चांगलीच मुरलेली आहे. कुळ जरूर विचारावे. पण मूळ अर्थ तोच खरा आणि आजचा तो भ्रष्ट, हे आम्हांला मान्य नाही. इंग्रजीत 'सिली' या शब्दाचा अर्थ एके काळी धन्य, सुखी असा होता. आज कोणा इंग्रजाला सिली म्हणून पाहावे आणि मग हा जुना अर्थ पुढे करावा! रागावलेल्या मराठी माणसाला राग आलेला असतो, अनुराग नव्हे.

आमची तक्रार आहे ती आमच्याच अध्यापनाविषयी. भाषाविज्ञानाच्या पेपरात आम्ही अर्थसंकोच शिकवतो. 'मृग' म्हणजे पूर्वी कोणताही पशू, आता हरिण. हे उदाहरण विद्यार्थी पिढ्यानपिढ्या पाठ करतात. पलीकडच्या तासाला संतवाङ्मय शिकवताना मात्र अर्थ बदलतात ही गोष्ट आम्ही विसरतो आणि शेवटी शब्दार्थांची यादी लिहून देतो. दोन पेपर एकाच इमारतीत राहून एकमेकांना ओळख देत नाहीत. विद्यार्थी जुन्या ग्रंथात आजचा शब्द वाचतो आणि चुकतो. आम्ही शून्य देतो.

पुढच्या वर्षी आम्ही ते वाक्य, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, फळ्यावर लिहिले आणि ते कुठे घसरले हे वर्गालाच शोधायला सांगितले. कोशांचे खंड हातोहात फिरले. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आजोबा पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायचे. तो कोणता लोभ?" आम्ही थबकलो. लोभ हा तर षड्रिपूंपैकी एक, म्हणजे हाव. आणि मराठी पत्रात तोच माया होऊन बसलेला. आपण 'रागलोभ' म्हणतो त्या जोडीत, जो पूर्वी प्रेम होता तो संताप झाला आहे आणि जी हाव होती ती प्रेम झाली आहे. घंटा झाली तरी त्या दिवशी वर्ग लवकर उठला नाही.