खुबा मोडल्यावर लाख, उभे राहायला छदाम नाही



मागच्या पौषात माझी आई रात्री उठली आणि ओट्याच्या पायरीवरून पडली. खुबा मोडला. पन्नास वर्षे कापूस वेचलेली, कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर वाहिलेली बाई. ऑपरेशन झाले. घरी धाडताना सांगितले काय, तर ‘वय झाले, आता जपा.’ जपायचे कसे, ते कोणी सांगितले नाही. आम्ही तिला बाजेवर बसवून ठेवले. सहा महिन्यांत ती पुन्हा पडली.

बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला आणि मृगात एकदम वखराला जुंपला तर काय होते, हे आपल्याला कळते. आईच्या पायांचे मात्र कळले नाही!

म्हातारपणी तोल जायचाच, ही थाप आहे. डोळे, आतला कान, पायांची ताकद आणि तळव्याला लागणारी भुई यांचा मेळ म्हणजे तोल. शिकवला तर तो बराचसा परत येतो. न्यूझीलंडमध्ये ८० वर्षे आणि त्यापुढच्या २३३ बायकांवर झालेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींच्या घरी फिजिओथेरपिस्टने दोन महिन्यांत चार खेपा घातल्या, व्यायाम शिकवले. वर्षभरात त्या ८८ वेळा पडल्या. बाकीच्या निम्म्या १५२ वेळा.

व्यायाम तरी कसले? खांब धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, टाचेला अंगठा लावून एका रेषेत चालणे, हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठणे. अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. जमेल तसा आधार कमी करायचा. मात्र पहिल्यांदा जाणत्याने शिकवावे, चक्कर येणाऱ्याने आधी तपासून घ्यावे आणि घरचे कोणीतरी जवळ उभे असावे.

शेतात राबलेल्याला व्यायाम कशाला, असे आमचे काका म्हणाले. अहो, राबणे थांबले की पायातली ताकद किती दिवस टिकणार?

आता सरकारचे बघा. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीही त्यात लिहिली आहे. कागद जिल्ह्याला, म्हातारी खेड्यात! २०२४ साली सत्तरीवरच्या सगळ्यांना ५ लाखांचे आयुष्मान कवच जाहीर झाले. ते दवाखान्यात भरती झाल्यावरचे. खुबा मोडला की लाखाच्या बाता. मोडू नये म्हणून चार खेपा घालणाऱ्या माणसाला त्यातून छदाम नाही. पीक बुडेपर्यंत बघत राहायचे आणि मग पंचनाम्याला यायचे, तीच ही रीत.

आई आता खांब धरून टाचा उचलते. ते शिकायला तिला जीपमध्ये घालून साठ किलोमीटर न्यावे लागले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसलाच पाहिजे आणि आशाताईंना हे व्यायाम शिकवून त्याचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहे. येताना आपल्या गावात या वर्षी किती म्हातारी माणसे पडून अंथरुणाला खिळली, तो आकडा घेऊन या.