उसन्या गावाची परंपरा

आमच्याकडचा मराठी लेखक दिवाळी अंकासाठी ग्रामीण कथा लिहायला बसला की प्रथम गाव बदलतो. स्वतः राहतो वडोदरे जिल्ह्यात. पण कथेसाठी त्याला देशावरचा गाव लागतो. तिथे पहाटे जातं घरघरतं, पोळ्याला बैल सजतात, आषाढात दिंडी निघते आणि पारावर बसलेला म्हातारा 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' म्हणून उसासा टाकतो. लेखकाने पोळा पाहिलेला असतो तो बहुधा चित्रपटात. दिंडीत तो एक कोसही चाललेला नसतो. तरी या साऱ्याला आपण 'परंपरेचं दर्शन' म्हणतो, बक्षिसं देतो, आणि पुढच्या वर्षी तोच गाव पुन्हा मागवतो.

माझा गाव सावली. नाव ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे झाड शोधू लागतात, तो भाग वेगळा! तिथल्या हायस्कुलात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे उसने गाव वाचवत नाहीत, म्हणून थोडं कडू बोलणार आहे.

खेड्यात परंपरा म्हणजे मुळात काम. जात्यावरची ओवी दळण सोपं व्हावं म्हणून आली आणि जात्याबरोबर गेली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाच्या वर ओव्या नोंदवल्या. ते मोठं काम आहे. पण नोंदवणं निराळं, आणि पिठाची गिरणी दाराशी असताना कथेतल्या सुनेला पहाटे चारला जात्यावर बसवणं निराळं. आनंद यादवांना हे कळलं होतं. १९७१ च्या 'गोतावळ्या'त ट्रॅक्टर येतो आणि गडी, बैल, जनावरं यांचं सगळं जगच उखडतं. यादवांनी मोडणारी परंपरा दाखवली, म्हणून ती खरी वाटते. आणि जिला आपण गोजिरी म्हणून मिरवतो तिच्यातच बलुतंही होतं. दया पवारांनी १९७८ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनाला दिला, तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्याचा उसासा एकदम खोटा वाटू लागला. लांब कशाला जा? ज्या बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्याच्याच राजधानीत १९१७ साली नोकरीवर आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला खोली मिळाली नाही. परंपरा तेव्हाही जपली जात होतीच!

आता आमच्या सावलीकडे वळू. १७३२ साली पिलाजीराव गायकवाडांचा डाकोरला खून झाला आणि त्यांचा देह सावलीला आणून दहन केला गेला. त्याच डाकोरला रणछोडरायाचं आजचं मंदिर १७७२ मध्ये बांधलं ते गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने. म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांत एकाच गावाशी आपलं रक्ताचंही नातं जडलं आणि भक्तीचंही. आज फाल्गुनातल्या पुनवेला आमच्या तालुक्यातून मही ओलांडून डाकोरला पायी संघ जातात. फोड आलेले पाय, वाटेवरचे चहाचे मांडव, खांद्यावर झोपलेली मुलं. त्यांत मराठी घरंही असतात. पण आपल्या अंकांत पंढरीच्या वारीवर दरवर्षी लेख सापडतो. डाकोरच्या वाटेवर मला अजून एकही सापडलेला नाही.

वारीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. प्रश्न असा की जी वाट दारावरून जाते ती दिसत नाही, याला परंपरेचं प्रेम म्हणायचं का?

तसंच गावातल्या दूध मंडळीचं. सकाळ-संध्याकाळ बायका भांडी घेऊन रांगेत उभ्या राहतात, दुधाचं फॅट मोजलं जातं, पैसे होतात. सुनेची बातमी, पोरीचं स्थळ, म्हशीचं दुखणं, निवडणूक, सगळं त्या रांगेत बोललं जातं. जुन्या पाणवठ्याचं काम आता ही रांग करते. दुसरीकडे तरुण पोरं पाळीवर कारखान्यात जातात. दिल्लीच्या मेट्रोचे डबे आमच्या सावलीत तयार झाले. ज्याच्या आजोबांनी तंबाखूच्या शेतात कंबर मोडली तो नातू मेट्रोच्या डब्याला हात लावून येतो आणि नवरात्रात फळियात रात्रभर गरबा खेळतो. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो आणि अगाशीवर चढून 'काप्यो छे' म्हणून ओरडतोही. ही आपली परंपरा. ती लिहायला लेखकाला लाज का वाटते?

मला वाटतं, लाज भाषेची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने दूध मंडळीच्या रांगेवर सुरेख कथा लिहिली. मी ती एका मासिकाकडे पाठवली. 'भाषा शुद्ध करून पाठवा' या शेऱ्यासह ती परत आली. 'पादर' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि वर सुचवलं होतं 'गावकूस'. आता गावकूस म्हणजे गावाची भिंत. ती आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवते. पादर म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा. तिथे गुरं जमतात, बस थांबते, लेकीला निरोप देतात. एक शब्द बदलला की मोकळ्या जागेवर भिंत उभी राहते. मुलीने शब्द बदलला नाही. मला तिचा अभिमान वाटला. पण त्यानंतर तिने मराठीत लिहिलं नाही. आता ती गुजरातीत लिहिते आणि छान लिहिते.

शुद्धतेच्या कैवाऱ्यांना माधव जूलियनांची आठवण असेलच. त्यांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. पण बडोद्यात जन्मलेल्या याच कवीने त्याआधी फार्शी-मराठी कोश केला आणि 'गज्जलांजलि'तून परक्या मुलखाची गझल मराठीत रुजवली, ते मराठीने आनंदाने ठेवून घेतलं. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापली गेली तेव्हा कोणी त्यांची खानदेशी बोली पुण्याच्या साच्यात घातली असती तर? आणि साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गुजरातीत लिहू लागले, तेव्हा गुजरातीने त्यांना 'सवाई गुजराती' म्हणून मांडीवर घेतलं. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजरातीसाठी मिळाला. शेजारीण एवढी मोठ्या मनाची, आणि आपण एका 'पादर'वर रेघ ओढायची?

काही वडीलधारे मला म्हणतात, "सर, अशाने मराठी बुडेल. आज पादर आलं, उद्या क्रियापदं येतील." त्यांची भीती खोटी नाही. पण बुडतंय कुठे ते पाहा. आमच्याकडची मराठी मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. त्यांची मराठी म्हणजे आजीची, स्वयंपाकघरातली, भाजीला शाक म्हणणारी. तीच अशुद्ध ठरवली तर त्यांच्यापाशी दुसरी कोणती मराठी आहे? नेमाड्यांच्या देशीयतेचा आपल्याकडे मोठा गजर होतो. तिचा अर्थ भूमीशी इमान असा असेल, तर आपली भूमी महीकाठची आहे. तिला कृष्णाकाठचा पोशाख चढवू नये.

संपादक मंडळाकडे दोन मागण्या आहेत. कथास्पर्धेच्या नियमांतून 'शुद्ध प्रमाण मराठी' ही अट काढावी, आणि अपरिचित शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशी छापावा. अर्ध्या ओळीचं काम आहे. त्या मुलीची कथा अजून माझ्या कपाटात आहे, 'पादर'खालच्या लाल रेघेसकट. पुढच्या अंकासाठी हवी असेल तर कळवावं. तिची परवानगी मी मागून ठेवतो.