कन्फर्म कोण करणार?

परवा वाघोलीला मामाकडे गेले. केसनंद फाट्याच्या ट्रॅफिकमधून सुटले, तर घरात वेगळाच जॅम! मामेबहिणीच्या इंजिनीअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. पासवर्ड मामाकडे, कॉलेजांची यादी काउन्सेलर सरांकडे आणि अ‍ॅडमिशन जिची, त्या मॅडम गॅलरीत मोबाइलवर. "ताई, सर बघतील ना!"

"पहिल्या नंबरवर काय आहे?" मी विचारलं. तिला पत्ताच नव्हता. सरांनी कॉम्प्युटर लिहिलेलं, हिला हवं होतं सिव्हिल. आणि कॅपचा नियम कडक: पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला, की सीट आपोआप फ्रीझ. घ्या नाहीतर सोडा, पुढच्या फेऱ्या बंद.

मग कामं वाटली. दाखले आणि फीचं गणित मामाकडे. मागच्या वर्षीचे कटऑफ समजावणं सरांकडे. क्रम लावणं आणि 'कन्फर्म' दाबणं मात्र फक्त तिच्याकडे.

रात्री साडेअकराला तिने सिव्हिल वर घेतलं. मामा गप्पच होता. पण पासवर्डची चिठ्ठी त्यानेच तिच्या हातात दिली. चार वर्षं लेक्चरला बसायचंय कुणाला?